तहहयात की वंशपरंपरा: वेन्स्लीडेल पेटंटचं प्रकरण, १८५६

मुंबई उच्च न्यायालयाच्या व्हरांड्यात ‘एलपीए’ हा शब्द सतत कानावर पडतो. लेटर्स पेटंट अपील. एकल न्यायमूर्तींच्या निकालावर खंडपीठाकडे जायची वाट. नव्याने सनद घेतलेल्या मुलामुलींना मी विचारते, यात पेटंट कुठून आलं? पेटंट तर औषधाचं असतं, यंत्राचं असतं. ‘जुनं नाव आहे, मॅडम’ एवढंच उत्तर मिळतं. जुनं तर आहेच. मुंबईचं उच्च न्यायालय १८६२ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या एका लेटर्स पेटंटने उभं राहिलं, आणि अपिलाचं ते पंधरावं कलम १८६५ च्या सुधारित पत्रातलं आहे. पण हे पत्र म्हणजे नेमकं काय, आणि त्याची ताकद कुठे संपते, हे समजायला मुंबईच्या पत्राहून सहा वर्षं आधीचं एक लंडनचं प्रकरण मला जास्त उपयोगी वाटतं. त्या प्रकरणात पत्र अस्सल होतं, राजमुद्रा अस्सल होती, राणीची इच्छा स्पष्ट होती. तरी ज्या दारापुढे ते पत्र धरलं, ब्रिटिश संसदेच्या उमराव सभेचं (हाउस ऑफ लॉर्ड्सचं), ते दार उघडलं नाही.

उघडं पत्र आणि बंद पत्र

इंग्लंडच्या राजाची पत्रं दोन तऱ्हेची असत. एक घडी घालून मुद्रेने बंद केलेलं. मुद्रा फोडल्याशिवाय वाचता येत नसे, कारण आतला मजकूर एकाच माणसासाठी असे. दुसरं उघडं. त्याची महामुद्रा घडीवर नव्हे, चर्मपत्राच्या खालच्या काठाला दोरीने किंवा पट्टीने लोंबत असे, म्हणजे मुद्रेला धक्का न लावता कुणालाही मजकूर वाचता येई. लॅटिनमधलं ‘पेटन्स’ म्हणजे उघडं. अशा पत्राची सुरुवातच ‘हे पत्र ज्यांच्या ज्यांच्यापर्यंत पोचेल त्या सर्वांना’ अशा नमस्काराने होते.

आपल्याकडच्या मोडी सनदा ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे परकं वाटणार नाही. ‘देशाधिकारी व देशलेखक वर्तमान व भावी’ यांना उद्देशून लिहिलेली सनदही एका माणसासाठी नसते. आज गादीवर बसलेल्या आणि उद्या बसणाऱ्या प्रत्येक अंमलदाराने ती मानावी, असा तिचा हेतू. शिक्का आणि मोर्तब झालं की कागद बोलू लागतो. खलिता वेगळा, सनद वेगळी. इंग्लंडात सनदेच्या जागी लेटर्स पेटंट होतं.

राजा जॉनच्या कारकिर्दीत, १२०१ पासून, अशा उघड्या पत्रांच्या नकला एकापुढे एक शिवलेल्या चर्मपत्रांच्या गुंडाळ्यांवर उतरवल्या जाऊ लागल्या. त्या ‘पेटंट रोल्स’ लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. जमीन देणं, पद देणं, नगराला हक्क देणं, माफी देणं, सगळं या एकाच साच्यातून होई. १४४९ मध्ये सहाव्या हेन्रीने जॉन ऑफ युटिनम नावाच्या कारागिराला रंगीत काच करण्याचा वीस वर्षांचा एकाधिकार दिला, तोही उघड्या पत्राने. पुढे एलिझाबेथच्या काळात मीठ, पत्ते असल्या रोजच्या वस्तूंचे मक्ते असेच वाटले गेले, लोक चिडले, आणि १६२४ च्या कायद्याने बाकीचे मक्ते रद्द करून खऱ्या नव्या शोधासाठी चौदा वर्षांची मुदत तेवढी ठेवली. आपण बोलतो ते पेटंट या एका फांदीचं. मुंबई बेटही ईस्ट इंडिया कंपनीला असंच मिळालं. २७ मार्च १६६८ चं दुसऱ्या चार्ल्सचं लेटर्स पेटंट, वर्षाला दहा पौंड खंड.

उमरावी देण्याचंही हेच साधन. दुसऱ्या रिचर्डने १३८७ मध्ये जॉन द बोशॅम्प याला पत्र देऊन बॅरन केलं, तो या रीतीचा पहिला. (दुसऱ्याच वर्षी त्याचा शिरच्छेद झाला, पण रीत टिकली.) तेव्हापासून उमरावाच्या हातात दोन कागद असतात. उघडं पत्र त्याला दर्जा देतं. दुसरा कागद म्हणजे संसदेच्या बैठकीला या, असं फक्त त्यालाच उद्देशून काढलेलं बोलावणं, म्हणजेच बंद पत्र. ही दोन्ही पत्रं पुढे लागणार आहेत.

पार्श्वभूमी: अपील ऐकायला माणसं कमी

१८५० च्या दशकात ब्रिटनमधलं शेवटचं अपील उमराव सभेकडे जाई. कागदावर ते सगळ्या सभेपुढे चाले. प्रत्यक्षात १८४४ मध्ये आयरिश नेता डॅनियल ओकॉनेलच्या अपिलात कायदा न शिकलेल्या उमरावांनी मत देण्याचा प्रयत्न केला, त्यांना परावृत्त करण्यात आलं, आणि तेव्हापासून कायदेपंडित उमरावांनीच निकाल द्यायचा हा संकेत पक्का झाला. पण असे उमराव होते किती? लॉर्ड चॅन्सेलर (देशाचे सर्वोच्च न्यायाधिकारी) क्रॅनवर्थ, माजी चॅन्सेलर सेंट लेनर्ड्स, म्हातारे ब्रूम, आणखी मोजके. कधी दोघेच बसत. दोघांचं पटलं नाही तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे खालचा निकाल कायम. ज्या पक्षकाराने सर्वोच्च न्यायासाठी घरदार पणाला लावलं त्याला अखेर एवढंच कळे की, वरच्या दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही. याला मी न्याय म्हणणार नाही.

नवे कायदेपंडित सभेत आणायचे तर त्यांना उमराव करायला हवं, आणि उमरावी वंशपरंपरेने चालायची. न्यायाधीश पगारी माणूस. त्याच्यामागे जमीनजुमला नसे. बापाच्या गुणवत्तेवर मिळालेला दर्जा मुलाने, नातवाने कशाच्या बळावर सांभाळायचा? गरीब उमराव हे सरकारच्या मेहेरबानीवर जगणारं मत ठरेल, ही भीती खरी होती.

यावर पंतप्रधान पामर्स्टन यांच्या सरकारने उपाय काढला: दर्जा त्या माणसापुरता, तहहयात.

माणूस निवडला तो जेम्स पार्क. एक्स्चेकर न्यायालयाचे बॅरन (हे तिथल्या न्यायाधीशाचं पदनाम, उमरावी नव्हे), १८५५ च्या अखेरीस निवृत्त झालेले, वय ७३. आपल्याकडे करार कायद्याच्या कलम ७३ बरोबर प्रत्येक विद्यार्थ्याला ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’ शिकवतात, ग्लॉस्टरच्या गिरणीचा तो मोडलेला दांडा. १८५४ च्या त्या पीठावर पार्क होते. प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर बसून त्यांनी वसाहतींची अपिलंही ऐकली होती. दाव्याच्या मसुद्यातली एक काडी इकडची तिकडे झाली तर दावा फेटाळणारे, अशी त्यांची ख्याती होती. माणूस विद्वान होता याबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती.

पेटंटमधले ते शब्द

१६ जानेवारी १८५६ रोजी पत्र निघालं. साचा नेहमीचा होता. सर जेम्स पार्क यांना बॅरन वेन्स्लीडेल हा दर्जा, किताब आणि मान दिला आहे, संसदेत त्यांना आसन, स्थान आणि मत असावं. फरक एका जागी होता. ‘त्यांना आणि त्यांच्या औरस पुरुष वारसांना’ हे शब्द जिथे यायचे तिथे ‘त्यांच्या नैसर्गिक आयुष्याच्या मुदतीपर्यंत’ असं लिहिलं होतं.

हा कागद डोळ्यांपुढे आणून पाहा. रुंद चर्मपत्र, वर सजवलेली अक्षरं, खाली लोंबणारी गडद हिरव्या मेणाची जाड चकती, तळहाताहून मोठी. चकतीच्या एका बाजूला घोड्यावर बसलेली व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला सिंहासनावर. तसं हे पत्र अडवायचं कुणाला कारण नव्हतं. आणि त्यावर महामुद्रा उमटवणारे अधिकारी म्हणजे खुद्द लॉर्ड चॅन्सेलर क्रॅनवर्थ, उमराव सभेचे अध्यक्षही तेच.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नेमक्या याच वर्षांत, १८५२ च्या अकराव्या कायद्याने बळ मिळालेलं इनाम कमिशन मुंबई इलाख्यात, दख्खनेत आणि दक्षिण महाराष्ट्रात इनामदारांच्या पेट्या उघडून बसलं होतं. दाखवा सनद. वंशपरंपरा आहे की तहहयात? ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ हे शब्द कुठे आहेत? देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता का? वाळवी लागलेल्या एका कागदावर घराची पुढची पिढी ठरत होती. तिकडे लंडनमध्ये तोच प्रश्न उलट्या बाजूने उभा होता. इथल्या इनामदाराला वंशपरंपरा सिद्ध करायची होती, आणि तिथे राणीच्या सरकारला हे सिद्ध करायचं होतं की वंशपरंपरेशिवायही आपलं पत्र चालतं.

समोरचे पर्याय

सरकारपुढे तीन वाटा होत्या.

पहिली सरळ होती, पार्कना नेहमीसारखी वंशपरंपरागत उमरावी द्यायची. पार्कना हयात मुलगा नव्हता, मुली होत्या. म्हणजे वंशपरंपरेची उमरावी दिली असती तरी ती त्यांच्याबरोबरच संपणार होती. खर्च तोच, परिणाम तोच, वाद शून्य. ही वाट सोडली याचा अर्थ सभेतल्या प्रत्येकाला कळला: सरकारला पार्क सभेत आणायचे आहेतच, पण त्याहून जास्त, पायंडा पाडायचा आहे.

दुसरी वाट संसदेची. आधी कायदा करून घ्यायचा की, न्यायदानासाठी इतक्या माणसांना तहहयात आसन देण्याचा राणीला अधिकार आहे. वेळखाऊ, पण भक्कम.

तिसरी वाट राजाच्या विशेषाधिकाराची, म्हणजे संसदेच्या कायद्याशिवाय राजाने स्वतःच्या अधिकारात करायची. जुन्या ग्रंथांत आधार होता. कायदेपंडित सर एडवर्ड कोक यांनी सतराव्या शतकात लिहून ठेवलं होतं की राजा हयातीपुरता दर्जा देऊ शकतो. चौदाव्या-पंधराव्या शतकातली काही उदाहरणंही होती. १३७७ मध्ये दुसऱ्या रिचर्डने गिशार दांगल याला हयातीपुरता अर्ल ऑफ हंटिंग्डन केलं होतं. नंतरच्या राजांनी काही स्त्रियांना हयातीपुरते किताब दिले, पण स्त्रियांना सभेत आसन नव्हतंच, त्यामुळे आसनाचा प्रश्न त्यातून कधी निघाला नाही.

सरकारने तिसरी वाट धरली. न्यायाधीशांचं मत आधी घेतलं नाही, सभेतल्या ज्येष्ठांना विश्वासात घेतलं नाही. पत्र काढलं आणि ते सभेच्या दारात नेऊन ठेवलं. प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय हाच, असं माझं मत आहे.

सभेत काय झालं

३१ जानेवारीला अधिवेशन सुरू झालं. ७ फेब्रुवारीला लॉर्ड लिंडहर्स्ट उठले. वय ८३, तीनदा लॉर्ड चॅन्सेलर झालेले, बॉस्टनमध्ये एका चित्रकाराच्या घरी जन्मलेले. हे पेटंट सभेच्या स्वतःच्या हक्कांचे प्रश्न पाहणाऱ्या विशेषाधिकार समितीकडे तपासणीला पाठवावं, असा त्यांचा ठराव होता.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा मला आजही मोलाचा वाटतो. एखादी गोष्ट कायद्याच्या अक्षरात बसते म्हणून ती राज्यघटनेच्या रीतीत बसतेच असं नाही. राजाच्या हाती एकेकाळी अधिकार असेल, पण चारशे वर्षं ज्या अधिकाराला कुणी हात लावला नाही, तो एका मंत्रिमंडळाने अचानक उपसून काढला तर सभेचा पोतच बदलेल. वंशपरंपरेची उमरावी देताना राजाला विचार करावा लागतो, कारण ती पिढ्यान्‌पिढ्या राहते. तहहयात उमरावी स्वस्त. हव्या तितक्या, हव्या त्या वेळी. ही भीती नुसती कल्पनेतली नव्हती. १७११ मध्ये राणी ॲनच्या सरकारने बहुमतासाठी एकदम बारा उमराव केले होते, आणि १८३२ च्या सुधारणा विधेयकाच्या वेळी तशाच धमकीने सभा नमली होती. तो प्रसंग सभेत बसलेल्या अनेकांनी स्वतः पाहिला होता.

सरकारतर्फे लॉर्ड ग्रॅनव्हिल आणि चॅन्सेलर क्रॅनवर्थ यांनी बाजू मांडली. जुनी उदाहरणं जुनी म्हणून मरत नाहीत. राजाचा विशेषाधिकार न वापरल्याने झिजत नाही. आणि मुख्य मुद्दा अधिकारक्षेत्राचा: उमरावीच्या हक्काचा वाद आधी राजाकडे अर्ज म्हणून जातो, राजा तो सभेकडे पाठवतो, तेव्हा सभा त्यात लक्ष घालते. इथे राणीने काही पाठवलेलं नाही. मग राणीच्या मुद्रेची तपासणी सभा कोणत्या अधिकाराने करणार?

सभेचं उत्तर असं होतं की, कुणाला काय दर्जा द्यायचा ते राणीने ठरवावं, पण आमच्यात कोण बसेल ते आम्ही ठरवू. असं आधीही झालं होतं. १७११ मध्येच स्कॉटलंडच्या ड्यूक ऑफ हॅमिल्टनला ग्रेट ब्रिटनच्या उमरावीचं पेटंट मिळालं, आणि सभेने ठरवलं की त्या पेटंटने त्याला आसनाचा हक्क मिळत नाही. तो निर्णय १७८२ मध्ये न्यायाधीशांचं मत घेऊन बदलला गेला. म्हणजे सभेने पेटंट अडवल्याचं उदाहरण होतं, आणि ते अडवणं चुकीचं होतं असं नंतर ठरल्याचंही उदाहरण होतं. दोन्ही बाजूंना हवं ते सापडत होतं.

ठराव १३८ विरुद्ध १०५ मतांनी मंजूर झाला. सेंट लेनर्ड्स, ब्रूम आणि कॅम्पबेल हे सगळे विरोधात होते. पार्क ज्यांच्या मदतीला यायचे होते तेच कायदेपंडित उमराव त्यांना आत घ्यायला तयार नव्हते. माणसाबद्दल आकस नव्हता. ज्या दाराने ते येत होते त्या दाराबद्दल होता.

समितीत कोक, जुन्या गुंडाळ्या, दुसऱ्या रिचर्डच्या काळची पत्रं सगळं उलगडून पाहिलं गेलं. विरोधकांचा मुद्दा असा की जुन्या उदाहरणांपैकी बरीच संसदेच्या संमतीने झालेली होती, किंवा ज्याला हयातीपुरता दर्जा मिळाला तो आधीपासूनच दुसऱ्या हक्काने सभेत बसत होता. निव्वळ उघड्या पत्राच्या बळावर, हयातीपुरता, साधा सरदार सभेत येऊन बसला आणि त्याने मत दिलं, असं निर्विवाद उदाहरण दाखवा. ते दाखवता आलं नाही.

मध्येच लॉर्ड ग्लेनेल्ग यांनी सुचवलं की, न्यायाधीशांना बोलावून कायद्याचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. सभेने नकार दिला. हा या प्रकरणातला दुसरा मोठा वळणाचा क्षण. सभेला उत्तर माहीत होतं, आणि वेगळं उत्तर ऐकण्याची तिची तयारी नव्हती. स्वतःच्या दाराबद्दल स्वतःच न्यायाधीश होणं, यात सभेचं चुकलं असं मी म्हणेन, निकाल पटत असला तरी.

निकाल

समितीचा अहवाल फेब्रुवारी संपायच्या आत आला आणि सभेने तो स्वीकारला. त्याचा आशय असा: हे पेटंट, किंवा हे पेटंट आणि त्याच्या अनुषंगाने निघणारं नेहमीचं बोलावणं ही दोन्ही मिळूनसुद्धा, ज्याच्या नावाने काढलं त्याला संसदेत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क देत नाहीत.

हे वाक्य किती जपून रचलं आहे पाहा. पेटंट रद्द आहे असं सभा म्हणत नाही. राणीला तसं पत्र काढायचा अधिकार नाही, असंही म्हणत नाही. वेन्स्लीडेल हे बॅरन नाहीत, असंही नाही. उघड्या पत्राने दर्जा दिला असेल, ते राणी जाणे. पण उघडं पत्र आणि बंद पत्र दोन्ही हातात घेऊन आलात तरी आसन मिळणार नाही. आजच्या आपल्या भाषेत, अधिकार मान्य, परिणाम अमान्य. एका सभेने राणीच्या मुद्रेचा अवमान न करता तिचा हात धरून थांबवला, तो या एका वाक्याने.

आता सरकारने काय करायचं? हट्टाने पार्कना सभेत पाठवलं असतं तर दारात तमाशा झाला असता. सरकारने माघार घेतली. २३ जुलै १८५६ रोजी पार्कना दुसरं पेटंट दिलं गेलं. किताब तोच, वेन्स्लीडेल. शब्द नेहमीचे, औरस पुरुष वारसांसह. दोन दिवसांनी, २५ जुलैला, त्यांनी आसन घेतलं. जी वाट जानेवारीत मोकळी होती तिनेच ते जुलैत आत आले.

पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, ‘ग्रे विरुद्ध पिअर्सन’ या अपिलात त्यांनी अर्थ लावण्याचा तो नियम मांडला जो आज आपली न्यायालयं ‘गोल्डन रूल’ म्हणून उद्धृत करतात: शब्दांचा व्याकरणाने निघणारा साधा अर्थ घ्यावा, त्यातून विसंगती किंवा विपरीत काही निघत असेल तर तेवढ्यापुरताच तो वळवावा. ज्याच्या स्वतःच्या पेटंटमधल्या साध्या शब्दांवर एवढा वाद झाला, त्या न्यायाधीशाचं हे वाक्य. शिकवताना मी नेहमी या दोन तारखा शेजारी शेजारी फळ्यावर लिहिते.

२५ फेब्रुवारी १८६८ रोजी ते वारले. मुलगा नव्हता. उमरावी संपली. म्हणजे दोन्ही पेटंटांचा परिणाम अखेर एकच झाला असता, फक्त पहिल्याने सभेत बसता आलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सरकारने चाचणीसाठी निवडलेला माणूसच चुकीचा होता. पार्क विद्वान होते, पण त्यांच्या बाबतीत तहहयात उमरावीची गरजच नव्हती. ज्याला तीन मुलगे आहेत आणि घरी संपत्ती नाही असा न्यायाधीश निवडला असता, तर ‘हे कशासाठी?’ या प्रश्नाला उत्तर तयार असतं. पायंडा पाडायचा असेल तर त्याची गरज ज्या प्रकरणात उघड दिसते तेच प्रकरण पुढे करावं. हे वकिलीतही खरं आहे, रिट याचिका कुणाच्या नावाने दाखल करायची हे ठरवताना.

दुसरं, हे काम कायद्याने करायचं होतं. सभेला तहहयात न्यायाधीश नको होते असं नाही. त्याच वर्षी उमरावांनी स्वतः एक विधेयक मंजूर केलं, मोजक्या पगारी न्यायाधीशांना तहहयात उमरावी देणारं. ते संसदेच्या दुसऱ्या, निवडून आलेल्या कॉमन्स सभेत अडलं. म्हणजे विरोध कल्पनेला नव्हता. मर्यादा न घालता, न विचारता, केवळ मुद्रेच्या जोरावर ती आणण्याला होता. आधी विधेयक आणलं असतं तर कॉमन्समध्ये ते बहुधा या कडवटपणाशिवाय गेलं असतं, असं मला वाटतं.

सभेनेही न्यायाधीशांचं मत घ्यायला हवं होतं. मत विरोधात गेलं असतं तरी ‘कायद्याने शक्य आहे, रीतीने योग्य नाही’ असं म्हणायची मोकळीक तिला होतीच. लिंडहर्स्ट यांचा मुख्य मुद्दा तोच तर होता.

या सगळ्यात अपिलं तुंबलेलीच राहिली. दोघांच्या पीठापुढे उभ्या राहिलेल्या पक्षकाराचं या वादात कुणी फारसं नाव घेतलं नाही.

त्यानंतर

१८६९ मध्ये लॉर्ड रसेल यांनी तहहयात उमरावांचं विधेयक पुन्हा आणलं, तेही पडलं. १८७६ मध्ये अपील अधिकारक्षेत्राचा कायदा झाला आणि ‘लॉर्ड्स ऑफ अपील इन ऑर्डिनरी’ आले: पगारी न्यायाधीश, तहहयात बॅरनचा दर्जा, पण सभेत बसण्याचा हक्क पदावर असेपर्यंत. कॉलिन ब्लॅकबर्न पहिले. निवृत्तीनंतरही त्यांना बसता यावं म्हणून १८८७ मध्ये दुरुस्ती करावी लागली. हे न्यायाधीश २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालय वेगळं होईपर्यंत त्या सभेत बसत राहिले.

वेन्स्लीडेल किताब १९०० मध्ये पुन्हा दिला गेला, पार्क यांच्या मुलीच्या मुलाला, माजी गृहमंत्री मॅथ्यू व्हाइट रिडली यांना. या वेळी वंशपरंपरेने.

पेटंटने दर्जा मिळतो पण आसन मिळेलच असं नाही, ही फट पुढेही माणसांना लागत राहिली. व्हायकाउंट रोंडा यांच्या पेटंटमध्ये त्यांची मुलगी मार्गारेट हिला किताब जाईल अशी खास तरतूद होती. बाप वारल्यावर किताब तिला मिळाला. १९२२ मध्ये तिने आसन मागितलं, आणि तिला नाही म्हणून सांगण्यात आलं.

अखेर १९५८ चा तहहयात उमरावीचा कायदा आला, पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठीही. कायदा छोटा आहे. त्याचं पहिलं कलम सांगतं की, राणीला लेटर्स पेटंटने कुणालाही तहहयात उमरावी देता येईल, आणि ज्याला ती मिळेल त्याला बोलावणं मिळण्याचा, सभेत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क असेल. उघडं पत्र आणि बंद पत्र एकाच कलमात शेजारी आले. १६ जानेवारी १८५६ च्या चर्मपत्रावर जे लिहिलं होतं जवळजवळ तेच हे. तेव्हा ते राणीने लिहिलं होतं, आता संसदेने.